ऑफिसला सायकल की कार? नागपूरच्या वाचकांचे प्रश्न

रोजच्या कामावर जाण्या-येण्यासाठी सायकल वापरावी का, या विषयावर वाचकांनी पाठवलेले काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : मी मनीषनगरला राहतो, ऑफिस सिव्हिल लाइन्सला. एका बाजूचं अंतर ९ किलोमीटर, कामाचे दिवस आठवड्यात पाच. कारने पार्किंग शोधण्यासकट ३५ ते ४० मिनिटं लागतात. वय ४६, रक्तदाबाची गोळी सुरू आहे. सायकलने जावं असं फार मनात आहे, पण घरचे आणि ऑफिसातले सगळे एकच म्हणतात, ‘नागपूरच्या उन्हात सायकल?’ खरंच जमण्यासारखं आहे का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : जमण्यासारखं आहे, पण बाराही महिने नाही. हे आधीच मान्य केलं तर सायकल टिकते. जानेवारीच्या गारव्यात ‘आजपासून कार बंद’ असं ठरवलं की एप्रिलमध्ये सायकल बाल्कनीत जाते आणि पाऊस पडून गेल्यावरही तिथेच राहते.

आधी वेळ बघा. सवय झालेला माणूस सपाट शहरी रस्त्यावर ताशी १५-१६ किलोमीटरने न धापता जातो. सिग्नल धरून तुमच्या अंतराला ४० मिनिटं लागतील, पहिल्या महिन्यात ४५. पोचल्यावर अंग पुसून कपडे बदलायला १० मिनिटं. म्हणजे सकाळी तुम्ही कारपेक्षा दहा-पंधरा मिनिटं आधी निघायचं, एवढाच फरक. अंतर १५ किलोमीटरच्या पुढे असतं तर हा फरक अर्ध्या तासावर गेला असता आणि आमचं उत्तर वेगळं असतं.

पैशांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडा. रोजचे १८ किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ३९६ किलोमीटर. कार शहरात लिटरला १३ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असं धरलं, तर महिन्याला सुमारे ३,२०० रुपये जातात. याच अंतराला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरला सव्वानऊशे लागतात. सायकलचे टायर, चेन, ब्रेकचे रबर मिळून वर्षाला दोन-तीन हजार धरा. पण कार विकणार नसाल तर तिचा विमा आणि वर्षाची सर्व्हिसिंग चालूच राहते. वाचतं ते फक्त इंधन आणि थोडी झीज. ‘कारचा सगळा खर्च वाचला’ अशी बेरीज करू नका.

आता ऊन. नागपूरचा उन्हाळा म्हटलं की सगळ्यांना दुपार दिसते. सायकलवाल्याने मोजायची ती संध्याकाळ. मे महिन्यात सकाळी आठ-साडेआठला ऊन सोसण्यासारखं असतं. ऑफिस सुटतं तेव्हा मात्र पारा चाळीसच्या आसपासच असतो आणि दिवसभर तापलेला सिमेंट रस्ता खालून आच देत असतो. हवा त्वचेपेक्षा गरम, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर असली की वारा शरीराला गार करत नाही, उलट तापवतो. मग गारवा फक्त घाम वाळण्यातून मिळतो. मेमधली आपली हवा कोरडी, त्यामुळे घाम पटकन वाळतो आणि किती पाणी गेलं ते कळतच नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ढग येतात, दमटपणा वाढतो आणि घाम वाळतच नाही. पारा दोन-तीन अंशांनी उतरलेला असला तरी सायकलसाठी हा पंधरवडा मेपेक्षाही वाईट.

म्हणून वर्ष असं वाटून घ्या. ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बिनधास्त रोज. जुलै ते ऑक्टोबर पावसाच्या तयारीने. मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलअखेरपर्यंत सकाळी सायकल, संध्याकाळी मेट्रो. तुमचं नशीब असं की घर आणि ऑफिस दोन्ही ऑरेंज लाइनजवळ आहेत. झिरो माइल किंवा कस्तूरचंद पार्कला चढून उज्ज्वलनगरला उतरता येतं आणि नागपूर मेट्रोत सायकल सोबत नेता येते. लिफ्टने वर जा, डब्यात सायकल दाराच्या वाटेत उभी करू नका, गर्दीची गाडी असेल तर पुढची घ्या. मे महिना आणि पावसाचा जोर बसेपर्यंतचा जून सायकल सोडून द्या. त्या सहा-सात आठवड्यांसाठी उरलेल्या दहा महिन्यांवर पाणी सोडायचं कारण नाही.

रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, त्यातून शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं. मार्च सुरू होण्याआधी डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवून ‘रोज पाऊण तास सायकल चालवणार आहे’ असं स्पष्ट सांगा. निघण्याआधी एक पेला पाणी, वाटेसाठी अर्ध्या-पाऊण लिटरची बाटली, आणि उन्हाळ्यात घरचं जलसंजीवनी : १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. डोकं गरगरलं, अंगावर काटा आला किंवा बोलताना गोंधळ व्हायला लागला तर ‘आता दोनच चौक राहिले’ असं म्हणू नका. सावलीत बसा, दुपट्टा ओला करून मानेवर ठेवा, घरी फोन करा.

मार्गाबद्दल. कारचा मार्ग तोच सायकलचा मार्ग, असं धरू नका. वर्धा रोड सरळ आहे, पण उड्डाणपुलावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांचा वेग जिथे बदलतो तिथे डावीकडची सायकल त्यांना शेवटच्या क्षणी दिसते. छत्रपती चौकातून लक्ष्मीनगर, बजाजनगर, शंकरनगर, लॉ कॉलेज चौक असं आतून सिव्हिल लाइन्स गाठलं तर थोडं लांब पडतं, पण वेग कमी आणि झाडांची सावली जास्त. रविवारी एकदा जाऊन बघा, मग एका कामाच्या दिवशी ऑफिसच्याच वेळेला. रविवारचा रस्ता खोटी ग्वाही देतो.

घाम हा बहुतेकांचा खरा अडसर असतो. सॅक पाठीवर घेऊ नका. तिच्याखालचा शर्ट डिसेंबरातही भिजतो. कॅरिअरला अडकवायची बाजूची पिशवी घ्या. आणि आठवड्यातून एक दिवस, सोमवार म्हणा, कारनेच जा : त्या दिवशी चार दिवसांचे इस्त्रीचे शर्ट, नॅपकिन आणि साबण नेऊन ठेवा, वापरलेले कपडे परत आणा. सायकलवर रोज घडी घातलेला शर्ट नेण्याचा त्रास वाचतो आणि कारही आठवड्यातून एकदा फिरते.

प्रश्न : कार आठवडाभर उभी राहिली तर बिघडते का?
— वाचक, प्रतापनगर

उत्तर : आठवड्याने नाही. दोन-तीन आठवड्यांनी बॅटरी उतरायला लागते. नुसतं सुरू करून पाच मिनिटं जागेवर ठेवणं उपयोगाचं नाही, त्यात बॅटरी जेवढी खर्च होते तेवढीही भरत नाही. आठवड्याला एकदा सलग २० ते ३० मिनिटं चालवा. बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का ते पाहा, पावसाळ्यात तर नक्की. जास्त दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलाव्याने ब्रेक चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली वीट लावा.

प्रश्न : दिवाळीनंतर माझ्या सायकलच्या मागच्या चाकाला दर आठवड्याला पंक्चर होतंय. दुकानदार म्हणतो, ‘उन्हाने ट्यूब फुटते, हवा कमीच ठेवा.’ हवा कमी ठेवूनही पंक्चर होतंच आहे.
— वाचक, हुडकेश्वर रोड

उत्तर : हवा कमी ठेवल्यामुळेच होत असण्याची शक्यता मोठी आहे. ट्यूब काढून छिद्र नीट पाहा. शेजारी शेजारी दोन बारीक समांतर चिरा असतील तर खड्ड्यात किंवा गट्टूच्या (पेव्हर ब्लॉकच्या) कडेवर टायर दबून ट्यूब रिमवर चिमटली गेली आहे. हे कमी हवेचं लक्षण. एकच टोकदार छिद्र असेल तर काटा.

काट्याचाही हाच मोसम. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला आणि रिकाम्या प्लॉटवर सराटा पसरतो. पाऊस संपला की त्याची वाळलेली काटेरी फळं कडेच्या मातीत पडून राहतात. ती कशीही पडली तरी एक काटा वर असतोच. फार कडेने सायकल चालवणाऱ्याला ती हमखास लागतात. रस्त्याच्या कडेपासून निदान दोन-तीन फूट आत चालवा. गाड्यांनाही तुम्ही नीट दिसता.

उन्हाने ट्यूब फुटते ही समजूत तपासून पाहू. सकाळी २७ अंशांवर ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली आणि टायर तापून ६० अंशांवर गेला, तर दाब ५७ पर्यंत जातो. टायरच्या बाजूवर कमाल दाब लिहिलेला असतो. त्याच्या आठ-दहा पीएसआय खाली भरलं की उन्हाळ्यातही पुरेशी सोय राहते. उन्हात फुटते ती मुळातच कमजोर जागा : बाजूने चिरलेला टायर, टायरच्या कडेखाली अडकलेली ट्यूब, किंवा घाईत लावलेला ठिगळ, ज्याचं सोल्यूशन तापून सैल झालं. साध्या काळ्या सायकलच्या वॉल्व्हमधली रबरी नळीही उष्णतेने कडक होऊन चिरते आणि हवा हळूहळू जाते. वॉल्व्हवर थोडी थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते बघा. नळी काही रुपयांची असते, एक-दोन खिशात ठेवा.

पुढचं पंक्चर घरी काढून पाहा. ट्यूब बाहेर काढण्याआधी वॉल्व्ह टायरच्या कोणत्या अक्षराजवळ होता ते लक्षात ठेवा. ट्यूबवर छिद्र सापडलं की टायरवरची तीच जागा मोजून काढता येते. टायरच्या आतून बोट फिरवू नका, कापसाचा बोळा किंवा जुना मोजा फिरवा : काटा असेल तिथे धागे अडकतात. तुमचं दर आठवड्याचं पंक्चर जवळजवळ त्याच जागी होत असेल तर जुन्या काट्याचं टोक अजून टायरमध्येच बसलेलं आहे. छिद्राभोवती ठिगळापेक्षा मोठी जागा कानशीने घासून निस्तेज करा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं थांबा. बहुतेक ठिगळं इथेच फसतात. सोल्यूशन ओलं असताना ठिगळ लावलं तर ते चिकटल्यासारखं वाटतं आणि दोन दिवसांत उचलतं. बोटाला ओलसर लागेनासं झालं की ठिगळ ठेवून मधून कडेकडे दाबा. ट्यूब बसवताना तिच्यात थोडी हवा भरा, म्हणजे पीळ पडत नाही. टायरची शेवटची वीतभर कड हातानेच चढवा. तिथे लोखंडी पट्टी वापरली की नवं पंक्चर तुम्हीच करता.

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. आठवड्याआड पहिली शिफ्ट ७ ते ३ आणि दुसरी ३ ते ११. अंतर साधारण ८ किलोमीटर. रॉड ब्रेकची काळी सायकल आहे. मोटरसायकल घ्यावी का, हा विचार चालू आहे. पावसात ब्रेक लागत नाहीत आणि रात्री ट्रकची भीती वाटते.
— वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तुमची भीती रास्त आहे, म्हणून आधी तिच्याचबद्दल. ट्रक डावीकडे वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गावरून जात नाहीत, आतून कापत येतात. त्याच्या डाव्या बाजूला, केबिनच्या मागे असलेली सायकल ड्रायव्हरला आरशातही दिसत नाही. सिग्नलला उभ्या ट्रकच्या डावीकडून पुढे सरकायचं नाही. मागेच थांबा, अगदी जागा दिसली तरी. सायकलस्वारासाठी यापेक्षा महत्त्वाचा नियम आमच्या माहितीत नाही.

रात्री मागे लाल दिवा हवाच, नुसता रिफ्लेक्टर पुरत नाही, कारण तो मागच्या गाडीचा प्रकाश बरोबर त्याच्यावर पडेल तेव्हाच चमकतो. पुढचा दिवा रस्त्यावर ८-१० मीटरवर प्रकाश पडेल असा किंचित खाली झुकवा. सिमेंट रस्त्याची कड आणि बाजूची माती किंवा गट्टू यांच्यात काही ठिकाणी चार-सहा इंचांचा उतार असतो, अंधारात तो दिसत नाही. चुकून खाली उतरलात तर चालत्या सायकलने तिरकं वर चढायला जाऊ नका, पुढचं चाक कडेला घासून माणूस गाड्यांच्या बाजूला पडतो. थांबा, उतरा, उचलून घ्या.

पहिल्या शिफ्टला तुम्ही पश्चिमेकडे जाता, सूर्य पाठीशी असतो. हिवाळ्यात तो पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे बरोबर तुमच्या वेळेला अगदी खाली असतो. तुम्हाला छान दिसतं, पण समोरून येऊन उजवीकडे वळणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत तो सरळ जातो. तेव्हाही पुढचा दिवा चालू ठेवा.

ब्रेकचं कारण तुमच्या रिममध्ये आहे. क्रोम केलेल्या लोखंडी रिमवर पाण्याचा थर बसला की रबर घसरतं आणि थांबायला कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं. पावसात चौकाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके लावून धरा. चाकाच्या पहिल्या काही फेऱ्यांत रिम पुसली जाते, पकड त्यानंतर येते. रबर कडक, चकचकीत झालं असेल तर सँडपेपरने घासा, खाच संपली असेल तर चारही बदला. रॉडचे सांधे आणि नट दर महिन्याला तपासा, सैल झाले की अर्धा दाब तिथेच जातो. पुढच्या ब्रेकला घाबरू नका. थांबण्याचं बहुतेक काम तोच करतो, फक्त झटक्याने दाबायचा नाही, आणि ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर किंवा मॅनहोलच्या झाकणावर तर मुळीच नाही. जमत असेल तर अॅल्युमिनियम रिमची सायकल घ्या, पावसातला फरक पहिल्याच दिवशी कळेल.

मोटरसायकलबद्दल आमचं मत : एप्रिल-मेच्या दुसऱ्या शिफ्टसाठी म्हणून ती घेऊ नका. दुपारी सव्वादोनला निघणं त्या दिवसांत सायकलवरही धोक्याचं आणि मोटरसायकलवरही त्रासाचंच. त्या आठवड्यांत मेट्रोने लोकमान्यनगरपर्यंत जा आणि तिथून शेअर ऑटो किंवा सहकाऱ्याची गाडी बघा. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने जातो.

प्रश्न : वय ५५, शाळेत शिक्षिका आहे. शाळा ६ किलोमीटरवर. गुडघे थोडे दुखतात. मुलगी म्हणते इलेक्ट्रिक सायकल घे. लायसन्स लागेल का? आणि उन्हाळ्यात बॅटरीला धोका असतो का?
— वाचक, गोधनी रोड

उत्तर : मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर असेल तर लायसन्स, नंबर प्लेट, विमा काहीच लागत नाही. विकत घेताना हे दोन आकडे बिलावर लिहून घ्या.

गुडघ्यांसाठी मोटरपेक्षा सीटची उंची आधी बघा. आपल्याकडे बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात, पाय जमिनीवर पूर्ण टेकावेत म्हणून. मग प्रत्येक फेरीला गुडघा जास्त वाकतो आणि पुढून दुखतो. सीटवर बसून पॅडल सगळ्यात खाली घ्या आणि टाच पॅडलवर ठेवा : पाय सरळ झाला पाहिजे. प्रत्यक्ष चालवताना चवडा पॅडलवर असतो, तेव्हा गुडघ्याला हवा तेवढाच बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय आठवडाभरात होते. दुखणं गुडघ्याच्या मागच्या बाजूला असेल तर उलट, सीट जरा खाली घ्या.

बॅटरी ३६ व्होल्ट, १० अॅम्पिअर-तासांची असेल तर तिच्यात ३६० वॅट-तास मावतात. पूर्ण चार्ज करायला अर्ध्या युनिटच्या आत वीज लागते. जाहिरातीतल्या अंतराच्या दोन तृतीयांश धरा, तुमचे १२ किलोमीटर तरीही सहज निघतात. धोका आहे तो उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावण्याचा. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि मेमध्ये गॅलरीत ठेवलेली बॅटरी त्याहून गरम असते. म्हणून सायकलवरून काढता येणारी बॅटरीच घ्या, शाळेत ती वर्गात सावलीत ठेवा, घरी आल्यावर दोन तास गार होऊ द्या, मग कूलरच्या खोलीत पण कूलरच्या पाण्यापासून दूर, तुम्ही जाग्या असताना चार्ज करा. सुट्टीत महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी चार्ज करून ठेवा. गाडी वीस-पंचवीस किलोची असते. जिना चढवावी लागणार असेल तर साधी गिअरची सायकलच बरी.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, मिहानमध्ये नोकरी. डॉ. अमित समर्थ यांच्यामुळे सायकलिंगचं वेड लागलंय. २५ हजारांत वाकड्या हँडलची रेसिंग सायकल घेऊ का? तीच ऑफिसला वापरीन.
— वाचक, नरेंद्रनगर

उत्तर : आपल्या नागपूरच्या डॉ. समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्यांच्याकडे बघून सायकलवर बसावंसं वाटणं ही फार चांगली गोष्ट आहे. पण ऑफिसची सायकल वेगळी. रेसिंग सायकलला बहुधा मडगार्ड आणि कॅरिअर लावायची सोय नसते, आणि तिचे २५ मिलिमीटरचे टायर सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवर आणि गट्टूंवर मनगटांना रोज हादरे देतात. ३५ ते ३८ मिलिमीटर टायरची, सरळ हँडलची, पुढे शॉकअप नसलेली हायब्रिड घ्या. स्वस्त शॉकअप दोन किलो वजन वाढवतो आणि तुमची ताकद खातो. सायकलवर १८-१९ हजार खर्च करा, उरलेल्यात हेल्मेट, दोन दिवे, जाड कुलूप, पंप आणि दोन्ही मडगार्ड घ्या. पावसाळ्यात मडगार्ड आणि टायरमध्ये दोन बोटं जागा हवी, नाहीतर काळी माती अडकून चाकच जाम होतं.

चेनची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या. जळकं इंजिन ऑइल ओतू नका, धूळ धरून ते कानशीसारखं काम करतं. चेन कापडाने पुसा, प्रत्येक कडीच्या रोलरवर पातळ तेलाचा एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं सगळं पुसून काढा. दर तीन महिन्यांनी पट्टीने मोजा : पिनेपासून पिनेपर्यंतच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. १२ इंच आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग भरला, तर उशीर झाला, फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे) दातही झिजले असतील. अर्धं सूत वाढलं की लगेच चेन बदला. काही शे रुपयांत निभावतं.